नागपूरच्या उन्हात ब्लॉकचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरं देताना नागपुरातलं नेहमीचं घर डोळ्यांसमोर ठेवलं आहे: ३० बाय ५० फुटांचा लेआउटमधला प्लॉट, आरसीसी फ्रेम, तळमजला आणि जमलं तर वर एक मजला. आकडे गोळाबेरीज केलेले आहेत. निर्णय घ्यायला ते पुरतात, पण इंजिनिअरच्या डिझाइनची जागा घेत नाहीत.

एएसी ब्लॉक (बारीक छिद्रांचे हलके ब्लॉक) लावले की घर थंड राहतं ना?

भिंत कमी तापते, हे नक्की. घराचं मात्र तेवढ्यानं भागत नाही.

वरच्या मजल्यावरची नैऋत्येची १२ बाय १४ फुटांची बेडरूम घ्या. मे महिन्यात दुपारी गच्चीचा आणि पश्चिम भिंतीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. आत २७ अंश ठेवायचे म्हणजे फरक ३५ अंशांचा. कोबा केलेल्या साध्या स्लॅबमधून साधारण १२०० वॅट उष्णता आत येते. ९ इंची विटेच्या पश्चिम भिंतीतून ७७० वॅट. पश्चिमेला २ चौरस मीटरची साध्या काचेची खिडकी असेल तर तिच्यातून ८८० वॅट. एकूण २८५० वॅट, म्हणजे एका टनाच्या एसीची पाऊण टनाहून जास्त ताकद नुसती यातच खर्च होते.

आता फक्त वीट बदलून ८ इंची एएसी ब्लॉक लावला, तर ७७० चे ३२० होतात. एकूण आकडा २४०० वर येतो. फरक पडला, पण घरमालकाला वाटलं होतं तेवढा नाही. गच्चीवर ५० मिमी इन्सुलेशन टाकलं आणि खिडकीला बाहेरून आडोसा दिला, तर हाच आकडा ८०० च्या आसपास येतो. त्यामुळे "कुठल्या कंपनीचा ब्लॉक घेऊ" याच्या आधी "जिथे ब्लॉक नाही तिथे काय करू" हे ठरवा.

फ्लायॲशची वीट, सीएलसी, पोकळ ब्लॉक, एएसी: सगळं सारखंच का?

नाही, आणि इथे नागपुरात भरपूर गोंधळ होतो. कोराडी आणि खापरखेडा इथली वीज केंद्रं जवळ असल्यामुळे राखेची वीट सहज मिळते, आणि "राखेची आहे म्हणजे थंड" अशी समजूत पसरली आहे. फ्लायॲशची वीट दाबून बनवलेली असते, घट्ट आणि जड. उष्णता अडवण्याच्या बाबतीत ती लाल विटेच्याच जवळपास आहे. ती सरळ, मजबूत आणि पाणी कमी पिणारी आहे म्हणून जरूर घ्या. थंडाव्यासाठी घेऊ नका.

एएसी ब्लॉकमध्येही राखच असते. तिच्यात चुना, सिमेंट, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर मिसळली की मिश्रण फुगतं, कोट्यवधी बारीक छिद्रं तयार होतात आणि मग ते वाफेच्या दाबाखाली शिजवलं जातं. उष्णता अडवते ती त्या छिद्रांतली कोंडलेली हवा. सीएलसीत फेस मिसळतात आणि ब्लॉक न शिजवता पाण्यावर क्युअर करतात. चांगला बनला तर कामाचा असतो, पण एका खेपेतला ब्लॉक दुसऱ्या खेपेसारखा निघेलच असं नाही आणि सुकताना तो जास्त आकसतो.

सिमेंटच्या पोकळ ब्लॉकच्या भोकांत थर्माकोल भरून तो "इन्सुलेटेड" म्हणून विकला जातो. त्याची मेख अशी की उष्णता थर्माकोलला वळसा घालून काँक्रीटच्या मधल्या पडद्यांतून आरपार जाते. पडदे एका रेषेत असतील तर थर्माकोलचा फायदा बराचसा वाया जातो. ब्लॉक वरून बघा: बाहेरच्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत काँक्रीटची सरळ वाट दिसत असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. भाजलेल्या मातीचे पोकळ ब्लॉक या बाबतीत बरे, कारण त्यांच्यात पडदे पातळ आणि मातीचे असतात.

भिंत किती जाड ठेवायची?

बाहेरची २०० मिमी, आतली १०० मिमी. पश्चिमेला जमलं तर २३० किंवा २५० मिमी.

यू-व्हॅल्यू म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, तो आकडा. कमी तितका चांगला. दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरून ९ इंची विटेच्या भिंतीचा साधारण २.०, २०० मिमी एएसीचा ०.८, २३० मिमीचा ०.७ च्या थोडा वर. म्हणजे २०० वरून २३० वर गेल्यानं फायदा थोडासाच, आणि ३० बाय ५० च्या प्लॉटवर चारही बाजूंनी इंच-इंच जागा जाते. ते पैसे गच्चीवर घाला.

इंजिनिअर म्हणतात कॉलम-बीमनं काही फरक पडत नाही. खरंच?

पडतो, आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. २३० मिमी काँक्रीटची यू-व्हॅल्यू २.८ च्या आसपास येते, विटेपेक्षाही वाईट. दहा फुटी मजल्यात दीड फुटाचा बीम आणि मधले कॉलम धरले की बाहेरच्या भिंतीचा पाचवा हिस्सा काँक्रीटचाच असतो. हिशेब करा: ८० टक्के भाग ०.८२ चा, २० टक्के भाग २.८ चा, सरासरी १.२. ब्लॉक विकणारा ०.८ सांगतो, तुमच्या हातात १.२ पडतो. मे महिन्यात रात्री नऊला पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात फिरवा. ब्लॉकवर कोमट लागतं आणि कॉलम आला की हाताला चटकन कळतं.

उपाय नकाशातच करायचा असतो. २३० मिमीच्या कॉलमचा बाहेरचा चेहरा भिंतीच्या बाहेरच्या चेहऱ्यापेक्षा २५ मिमी आत घ्या, म्हणजे भिंत कॉलमच्या थोडी पुढे येईल. त्या २५ मिमीच्या खाचेत एक्सपीएसची (थर्माकोलसारख्या पण जास्त घट्ट फोमची) शीट बसवा, कॉलमवर आणि बीमवर दोन्हीकडे. एवढ्यानं काँक्रीटची यू-व्हॅल्यू ०.८४ वर, म्हणजे ब्लॉकच्या बरोबरीला येते. आतल्या बाजूनं कॉलम दोन इंच बाहेर दिसेल. कपाटाच्या फर्निचरमध्ये तो सहज लपतो.

शीट नुसती चिकटवून तिच्यावर प्लास्टर मारलं तर ते वर्षभरात पोकळ वाजायला लागतं. एक्सपीएसचा वरचा गुळगुळीत पापुद्रा आधी पटाशीनं किंवा तारेच्या ब्रशनं खरवडावा लागतो. मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं शीट चिकटवायची, छत्रीसारख्या डोक्याचे प्लॅस्टिकचे प्लग ठोकायचे, फायबरची जाळी दोन्ही बाजूंच्या ब्लॉकवर १५० मिमी चढवून बसवायची आणि त्यानंतर प्लास्टर. शीट उघडी ठेवू नका. ऊन तिला खातं आणि आगीच्या दृष्टीनंही ते बरोबर नाही.

एक्सपीएस नको असेल तर ७५ मिमीच्या एएसी ब्लॉकनं कॉलम बाहेरून झाकता येतो. यू-व्हॅल्यू १.४ च्या आसपास मिळते. काहीच न करण्यापेक्षा बरंच चांगलं.

गच्चीवर नेमकं काय आणि कुठल्या क्रमानं टाकायचं?

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस) २५ मेला लागतो आणि २६ मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली पायाशीच संपते. त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन झेलते ती गच्ची. एकमजली घरात तर बजेट तोकडं असेल तेव्हा भिंतीला साधी वीट लावा, पण गच्चीचं इन्सुलेशन कापू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

क्रम असा: स्लॅब, त्यावर १:१०० उताराचा कोबा किंवा स्क्रीड, कठड्याच्या कडेनं वाटा (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई), मग वॉटरप्रूफिंग. इथे थांबा. पाणी कोंडून ४८ ते ७२ तास भरून ठेवा आणि खालून स्लॅब बघा. गळती नाही याची खात्री झाल्यावरच ५० मिमी एक्सपीएस अंथरा. घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि कडांना खाच असलेली शीट घ्या, म्हणजे शीट एकमेकींत बसतात. १२५० बाय ६०० मिमीची शीट असेल तर ९० चौरस मीटर गच्चीला १२० लागतात. तुटफूट धरून १२५ मागवा. शीटवर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर ५० मिमी जाळी घातलेलं काँक्रीट, दर दोन मीटरवर सांधा सोडून, आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक.

वॉटरप्रूफिंग इन्सुलेशनच्या खाली असल्यामुळे त्यालाही ऊन लागत नाही आणि ते जास्त टिकतं. पावसाचं थोडं पाणी शीटखाली जाणारच, म्हणून पाणी उतरायच्या पाइपचं तोंड वॉटरप्रूफिंगच्या पातळीवर असलं पाहिजे, वरच्या फरशीच्या पातळीवर नाही. ही एक चूक झाली की पाणी खाली साचतं आणि पुढे सगळं उखडावं लागतं. या सगळ्यानं यू-व्हॅल्यू २.२ वरून ०.४५ च्या आसपास येते.

स्लॅबच्या खाली फॉल्स सीलिंग आणि ग्लासवूल केलं तर चालेल का? स्वस्त पडतं.

खोलीत उष्णता कमी उतरेल. पण स्लॅब उन्हात आधीपेक्षाही जास्त भाजेल, कारण खालून त्याची उष्णता निघायची वाट बंद झाली. १० मीटर लांब स्लॅबच्या तापमानात दिवस-रात्र ३० अंशांचा फरक पडला तर तो ३ मिमीहून जास्त लांबतो आणि पुन्हा आकसतो. त्याच्या खालची भिंत एवढी हलत नाही, म्हणून वरच्या बीमखाली आडवी भेग पडते. ब्लॉक वाईट निघाला म्हणून ओरड होते ती अनेकदा याच भेगेची असते. जुन्या घरात वर काम करणं शक्यच नसेल तेव्हाच खालून करा, आणि मग वर निदान पांढरा रंग तरी द्या.

वास्तूप्रमाणे मास्टर बेडरूम नैऋत्येला हवी. ती तर सगळ्यात तापते!

बरोबर, दुपारी तीननंतरचं सगळं ऊन तिथेच. दिशा बदलायची नसेल तर खोलीचा आतला मांड बदला. पश्चिमेच्या भिंतीला टॉयलेट आणि ड्रेसिंग घ्या, किंवा पूर्ण लांबीचं कपाट. खिडकी दक्षिणेला द्या. पश्चिमेला जिना टाकता आला तर त्याच्याइतका चांगला आडोसा नाही. जिना तापला तरी तिथे कुणी झोपत नाही. विदर्भातल्या जुन्या कवेलूच्या घरांत जाड मातीची भिंत आणि वर माळा असायचा, तोही असाच मधला आडोसा होता. फक्त तिथे माळ्यावर धान्य तापायचं.

छज्जा किती काढायचा?

दक्षिणेला दीड फूट, म्हणजे ४५० मिमी, पुरतो. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. २१ मार्चला दुपारी सूर्य ६९ अंशांवर असतो, तेव्हा ४५० मिमीचा छज्जा खाली सुमारे ११६० मिमी सावली देतो; चार फुटी खिडकी जवळजवळ पूर्ण झाकली जाते. डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरतो, सावली ४५० मिमीपर्यंतच येते आणि थंडीतलं ऊन आत शिरतं. हे गणित छज्जा खिडकीला लागून वर असेल तरचं. अर्धा फूट वर चढवलात तर तेवढी सावली कमी.

पश्चिमेला छज्ज्याचा भरवसा धरू नका. मे महिन्यात साडेचारला सूर्य ३० अंशांवर असतो. दोन फुटांचा छज्जाही तेव्हा ३५० मिमीच सावली देतो, उरलेली खिडकी उघडीच. तिथे बाहेरून उभ्या पट्ट्या, बांबूची चिक, लाकडी झडपा किंवा हिरवी जाळी हवी. आतून पडदा लावणं म्हणजे ऊन घरात घेऊन मग त्याला अडवणं. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीवरही सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. तिथे बाजूच्या उभ्या पट्ट्या कामी येतात.

दुहेरी काच घ्यावी का?

एसीच्या खोलीत परवडली तर घ्या. पश्चिमेच्या उघड्या खिडकीला दुहेरी साधी काच लावणं मात्र पैसे वाया घालवणं आहे, कारण ती वाहून येणारी उष्णता अडवते, थेट ऊन फारसं अडवत नाही. विकत घेताना काचेचा एसएचजीसी, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा, विचारा; साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, पश्चिमेला ०.३ च्या जवळ हवा.

आम्ही कूलरच वापरणार. मग इन्सुलेशनचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. कूलरला खिडकी उघडी लागते, मग भिंत कितीही चांगली असली तरी बाहेरची हवा आत येणारच. पण अंगाला लागणारा उकाडा फक्त हवेचा नसतो. तापलेला स्लॅब आणि भिंत अंगावर उष्णता फेकत असतात, त्यावर कूलरची हवा तोकडी पडते. स्लॅब थंड असेल तर तोच कूलर कमी वेगावर पुरतो.

कूलरचं गणित नागपूरला चांगलं जमतं. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या खसचा कूलर २७ अंशांच्या आसपास हवा देतो. जूनच्या मध्यावर ढग आले की हेच यंत्र नुसती दमट हवा फेकतं. म्हणून घर दोन्ही पद्धतींनी चालेल असं आखा: एप्रिल-मे कूलर, नंतर गरज पडली तर एका-दोन खोल्यांत एसी.

१२ बाय १२ बाय १० फुटांच्या खोलीचं आकारमान १४४० घनफूट. त्याच्या निम्मे, म्हणजे ७२० सीएफएम (मिनिटाला ७२० घनफूट हवा), ही किमान गरज. कूलरच्या समोरच्या बाजूला हवा बाहेर पडायला निदान कूलरच्या तोंडाएवढी उघडी जागा ठेवा, नाहीतर दमटपणा कोंडतो. कूलर शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. डक्टिंगचा कूलर गच्चीवर ठेवणार असाल तर डक्टला इन्सुलेशन करा. तापलेल्या पत्र्यातून थंड हवा आणली तर वाटेतच ती गरम होते.

आणि एएसी भिंतीपुरता एक इशारा: कूलरचं पाणी. खिडकीत बसवलेला कूलर रोज थोडं थोडं ठिबकतो, खालचा ब्लॉक ते पितो, दुसऱ्या हंगामात प्लास्टर फुगतं आणि पांढरा क्षार येतो. खिडकीखाली बाहेर काँक्रीटचा उताराचा ओटा करा, त्याला पाइप द्या, आणि भिंतीवर एक फूट उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंग करा. डक्टसाठीचं भोक बांधतानाच सोडा. नंतर घण घालून पाडू नका.

आमच्या प्लॉटवर काळी माती आहे. ब्लॉक चालतील?

चालतील, पाया बरोबर असेल तर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि एएसी भिंत वीटकामापेक्षा हलणं कमी सहन करते. पाया काळी माती ओलांडून खालच्या कडक मुरमात न्या किंवा अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) घ्या. ते माती तपासून इंजिनिअर ठरवेल. प्लिंथ बीम मातीवर टेकवू नका, खाली पोकळी ठेवा. घराभोवती मीटरभर रुंद उताराची फरशी करा आणि सांडपाण्याचा पाइप पायाजवळ गळू देऊ नका. एएसी हलका असल्यामुळे एक फायदाही होतो: दहा फूट उंच विटेची भिंत मीटरला दीड टन भरते, एएसीची त्याच्या निम्म्याहून कमी.

ट्रक आला. काय तपासायचं?

वजनकाटा आणि टेप. ६०० बाय २०० बाय २०० चा कोरडा ब्लॉक १४ ते १५ किलो भरतो. २० किलोच्या वर गेला तर तो ओला आहे किंवा जास्त घट्ट. दोन्ही स्थितींत उष्णता जास्त वाहते. दहा ब्लॉक कुठूनही उचलून उंची मोजा. ३ मिमीच्या सांध्यात बांधायचं असेल तर उंचीत दोन मिमीहून जास्त फरक चालत नाही. एक ब्लॉक करवतीनं कापा: छिद्रं बारीक, सगळीकडे सारखी दिसली पाहिजेत.

कागदावर आयएस २१८५ भाग ३ (एएसी ब्लॉकचं भारतीय मानक) प्रमाणे चाचणी मागा. ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या ग्रेडला ४ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद आणि आकसण्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे. ०.०५ टक्के म्हणजे ६ मीटर भिंतीत ३ मिमी. कारखान्यातून ताजा, गरम ब्लॉक आला तर हे आकसणं तुमच्या भिंतीत होणार, म्हणून माल तीन-चार आठवडे मुरलेला घ्या. साइटवर लाकडी फळ्यांवर रचून वरून ताडपत्री टाका. मातीवर ठेवलात तर खालचा थर पाणी ओढतो.

किती ब्लॉक आणि किती केमिकल लागेल?

खिडक्या-दारं वजा करून १०० चौरस मीटर भिंत असेल तर २०० मिमी जाडीला २० घनमीटर, म्हणजे ८३३ ब्लॉक. तुटफूट धरून ८७०. जोडायचं केमिकल एका घनमीटरला ३० किलो, म्हणजे ६०० किलो. ४० किलोच्या १५ पोती होतात. मिस्त्री नवीन असेल तर १८ धरा.

मिस्त्री म्हणतो सिमेंट-रेतीतच जोडू, काय फरक पडतो?

कन्हानच्या रेतीचा मसाला आपल्या जागी उत्तम, पण इथे १२-१५ मिमीचा सांधा म्हणजे भिंतीत उष्णतेच्या बारीक पट्ट्यांची जाळी. शिवाय जाड सांध्यात मसाला सुकताना आकसतो. फक्त पहिला थर १:४ मसाल्यात, पातळी आणि ओळंबा जुळवण्यासाठी. तो चुकला तर वरचे सगळे थर चुकतात, तेव्हा त्याला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

पुढचे थर दातेरी थापीनं केमिकल पसरून, ३ मिमी सांध्यात. ब्लॉक भिजवायचा नाही. ब्रशनं धूळ झाडून पृष्ठभाग ओलसर करायचा. मे महिन्यात केमिकल दहा मिनिटांत कातडं धरतं, म्हणून काम सकाळी अकरापर्यंत आणि चारनंतर, आणि एका वेळी दोन ब्लॉकपुरतंच पसरा. उभे सांधे भरायला मिस्त्री टाळाटाळ करतात. भिंतीच्या आरपार उजेड दिसला तर काम थांबवा. दिवसाला चार-साडेचार फुटांवर चढू नका. दर मीटर-सव्वा मीटर उंचीवर ७५ ते १०० मिमीची काँक्रीट पट्टी, ८ मिमीच्या दोन सळ्या घालून; ती खिडकीच्या सिलला आणि लिंटेलला जुळवली की वेगळी लागत नाही. कॉलमला दर दोन-तीन थरांनंतर पत्र्याची किंवा सळीची एल पट्टी. बीमखाली १०-१५ मिमी फट सोडा, किमान आठवड्यानंतर ती फोमनं भरा. तिथे विटेचे तुकडे ठोकून बसवले तर बीम वाकला की भार भिंतीवर येतो.

भेगा का पडतात?

भेगेची जागाच कारण सांगते. कॉलमच्या कडेनं उभी असेल तर एल पट्टी किंवा जाळी राहून गेली. बीमखाली आडवी असेल तर फट ठोकून भरली किंवा वरचा स्लॅब भाजतोय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली तर सिलची पट्टी नाही किंवा लिंटेलचा टेका २०० मिमीहून कमी आहे. वायरिंगच्या रेषेत असेल तर छिन्नी-हातोड्यानं खाच पाडली; खाच मशीननं कापायची आणि उभी असेल तर जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा प्लास्टरच्या. आणि पायऱ्यांसारखी, पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग दिसली तर भिंतीकडे नको, पायाकडे बघा.

प्लास्टर कसं?

कमी सिमेंटचं. १:४ चं कडक प्लास्टर मऊ ब्लॉकवर स्वतः आकसतं आणि तडकतं. १:६ घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे १ सिमेंट, १ चुना, ६ रेती. आतून १२ मिमी, बाहेरून दोन हातांत १५ ते १८. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे ३०० मिमी रुंद जाळी. बांधकाम संपल्यावर दोन-तीन आठवडे भिंत सुकू द्या. छज्ज्याच्या आणि सिलच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवा. ओला एएसी उष्णता अडवत नाही.

सरकारी नियम काही आहेत का?

ऊर्जा दक्षता ब्युरोची इको निवास संहिता २०१८ साली आली. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आखलेली आहे, म्हणून ३० बाय ५० च्या घराला ती लागू नाही. तिच्यातला गच्चीचा १.२ यू-व्हॅल्यूचा आकडा मात्र आर्किटेक्टला दाखवून किमान म्हणून वापरा. साध्या कोब्याची गच्ची त्यात बसत नाही.

पैसे वसूल होतात?

पहिल्या प्रश्नातली बेडरूम घ्या. भर दुपारी २००० वॅट वाचले. दिवसाची सरासरी त्याच्या निम्मी धरा. १००० वॅट, १० तास, म्हणजे १० युनिट उष्णता. एसी एका युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे रोज जवळपास ३ युनिट वीज, आणि उन्हाळ्याच्या १०० दिवसांत एका खोलीमागे ३०० च्या आत-बाहेर. त्याला महावितरणच्या बिलातल्या तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दरानं गुणा, कारण वाचतात ती युनिटं वरच्याच टप्प्यातली असतात.

सोलर पॅनल लावले तर गच्चीवर सावली होईलच की?

होते, तेवढ्या भागावर. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर लागतात, म्हणजे ३ किलोवॉटखाली ९० पैकी ३० झाकले जातील. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण आधी इन्सुलेशन आणि वॉटरप्रूफिंग, मग पॅनल. स्टँडचे काँक्रीटचे पाये स्लॅब टाकतानाच काढून घ्या. नंतर अँकर ठोकला की तो नेमका वॉटरप्रूफिंगमधून जातो.

ब्लॉकच्या भिंतीत गीझर, टीव्ही, एसीचं बाहेरचं युनिट टिकतं का?

टीव्ही आणि फोटो लांब नायलॉन प्लगवर टिकतात. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होतं आणि प्लग फिरत राहतो. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५-४० किलो भरतो, त्याला केमिकल अँकर हवा. एसीचं बाहेरचं युनिट आणि लोखंडी ग्रिल यांच्यासाठी त्याहून सोपा मार्ग म्हणजे बांधतानाच त्या जागी काँक्रीटचे भरीव ब्लॉक घालणं. नकाशावर त्या जागा लाल पेननं दाखवून कागद साइटवर चिकटवा, आणि प्लास्टरच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवा. प्लास्टरनंतर ते ब्लॉक कुठे आहेत हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही.